दादासाहेबांचे तीन-चार चष्मे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नेत्ररोग ओपीडीत पन्नाशीचे एक गृहस्थ आले. राहायला जोगेश्वरीला, काम गोरेगावच्या चित्रनगरीत आणि अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये. धंद्याने फोकस पुलर. सिनेमात नट चालत पुढे आला, मागे वळला, खुर्चीत बसला, तरी त्याचा चेहरा स्पष्टच दिसतो. कारण कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला एक माणूस लेन्सची कडी बोटाच्या अंदाजाने फिरवत असतो. तो फोकस पुलर. त्याचं सगळं पोट डोळ्यांवर.

त्यांची तक्रार ओळखीची होती. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं, मॉनिटरवरची बारीक रेघ विरघळल्यासारखी वाटते. हे दोन वर्षांपासून चाललं होतं. आले नाहीत, कारण फोकस पुलरचे डोळे गेलेत ही बातमी सेटवर फिरली की दुसऱ्या दिवसापासून फोन यायचे थांबतात.

बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं. गर्दी ओसरल्यावर बोलणं निघालं. ते हल्ली ज्या चित्रपटावर होते, त्याच्या दिग्दर्शकाला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या काचेचं चित्र हवं होतं. त्यासाठी जुन्या लेन्समधल्या काचा जपून काढतात आणि नव्या धातूच्या नळीत बसवतात. असं का, ते त्यांनी समजावलं. जुन्या लेन्सवर तीन फूट आणि चार फूट यांच्या खुणा इतक्या जवळ असतात की बोट किंचित हललं की नटाचा डोळा धूसर आणि कान स्पष्ट. नव्या नळीत तीच कडी लांबवर, सफाईने फिरते, आकडे मोकळे कोरलेले असतात, आणि दातेरी चक्र प्रत्येक लेन्सवर एकाच जागी येतं. काच आजोबांची, सांधे नातवाचे, असा हा प्रकार. दिग्दर्शकाला त्यातून दिव्यांभोवतीचं मऊ वलय आणि किंचित दुधाळ सावल्या मिळतात.

मला हसू आलं. ज्या वलयांपासून सुटका व्हावी म्हणून हे गृहस्थ माझ्याकडे आले होते, त्याच वलयांसाठी तिकडे रोजचं भाडं मोजलं जात होतं.

दोन्हीकडचं विज्ञान बरंच जवळचं आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. तीन भिंगांच्या लेन्सला सहा पृष्ठभाग, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच गळतो. त्यातला काही आतल्या आत उड्या मारत चित्रावर पांढुरक्या साईसारखा पसरतो. 1935 मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची रीत काढली आणि पुढच्या लेन्स लखलखीत झाल्या. डोळ्यातल्या भिंगाचं दुखणं वेगळं, परिणाम तोच. वयानुसार त्यातल्या प्रथिनांच्या गाठी होतात, त्या प्रकाश विखुरतात, भिंग पिवळट होतं. हा मोतीबिंदू. फरक इतकाच की सेटवरची जुनी लेन्स संध्याकाळी काढून पेटीत ठेवता येते. डोळ्यातली ठेवता येत नाही.

ते गृहस्थ तारीख घेऊन गेले आणि माझ्या मनात मात्र एक नाव राहिलं. ज्या चित्रनगरीच्या फाटकातून ते रोज आत जातात, त्या फाटकावरचं नाव. दादासाहेब फाळके. भारताचा पहिला कथापट काढणारा माणूस म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण तो चित्रपट काढण्याच्या थोडं आधी त्यांची दृष्टी गेली होती आणि ती परत आली म्हणून आपल्याकडचा सिनेमा उभा राहिला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराजाचा हात चित्रकलेत चालायचा, म्हणून 1885 मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला, साचेकाम आणि छायाचित्रण यांची गोडी लागली आणि हातात कॅमेरा आला. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं हा माणूस काचेपासून लांब गेला नाही.

पोटापाण्याचं गाडं मात्र नीट चाललं नाही. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, बस्तान मोडलं. मधल्या काळात जादू शिकले आणि आपल्याच नावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोगही केले. 1902 मध्ये दुसरं लग्न झालं. सासरी सरस्वती हे नाव मिळालेली ही मुलगी पुढे त्यांच्या कामाचा अर्धा भार उचलणार होती. मग पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. लोणावळ्याला छापखाना आणि ब्लॉकचं काम सुरू केलं. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं पाहायला ते जर्मनीला जाऊन आले. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं आणि स्वतः उभ्या केलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

वय चाळीस, घरात लहान मुलं, कमाई शून्य. अशा वेळी, 1910-11 च्या सुमारास, गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांना राम-कृष्ण हलताना दिसू लागले. दुसऱ्या खेळाला त्यांनी पत्नीला बरोबर नेलं. त्यानंतर जे सुरू झालं, त्याला डॉक्टर म्हणून मी डोळ्यांवरचा अत्याचारच म्हणेन. मिळेल तो चित्रपट रोज पाहायचा, चार-पाच तास, असं जवळजवळ सहा महिने. घरी एक लहानसं यंत्र आणि फिल्मचे तुकडे आणले होते. मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून रात्र रात्र एकेक चौकट न्याहाळायची. झोप जेमतेम. आधी डोळे दुखू लागले. विश्रांतीचा सल्ला मिळाला, तो मानला नाही. शेवटी दिसेनासं झालं.

चित्र काढणारा, फोटो घेणारा, ब्लॉक करणारा हा माणूस. डोळे गेले तर त्याच्याकडे काही उरत नव्हतं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी चिकाटीने उपचार केले आणि तीन-चार वेगवेगळे चष्मे देऊन त्यांची दृष्टी कामापुरती परत आणली.

इथे थोडं थांबून वैद्यकाचं बोलायला हवं. फाळक्यांच्या चरित्रांत दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाल्याचं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याची समजूत होते की तो सिनेमे पाहून पाहून झाला. तसं होत नाही. पडदा बघून, बारीक अक्षरं वाचून किंवा मंद उजेडात काम करून मोतीबिंदू होत नाही. तो वयाने होतो, मधुमेहाने लवकर होतो, डोळ्याला मार लागल्याने होतो, स्टिरॉइडच्या थेंबांनी किंवा गोळ्यांनी होतो, आणि तंबाखू व कडक ऊन त्याला हातभार लावतात. एकटक पाहिल्याने पापण्या कमी मिटतात, बुबुळ कोरडं पडतं, डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं. आधीच कमी झालेली नजर अशा वेळी पहिल्यांदा जाणवते. जागरणाने डोळ्यांचा आजार जन्माला येत नाही, पण लपलेला आजार उघडा पडतो आणि दुर्लक्षाने बळावतो.

तीन-चार चष्म्यांची गोष्टही डॉक्टरला बोलकी वाटते. तरुणपणी डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. लांबून जवळ पाहताना ते आपोआप फुगतं. हा निसर्गाने दिलेला फोकस पुलरच. चाळिशीत तो थकायला लागतो, म्हणून तर जवळच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्या काळी भिंग काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनच्या हॅरोल्ड रिडले यांनी 1949 मध्ये केली, म्हणजे फाळके गेल्यावर पाच वर्षांनी. तोवर जाड भिंगाचे चष्मे हाच उपाय होता. दूरचं पाहायला एक, वाचायला दुसरा, हाताच्या अंतरावरच्या कामाला तिसरा. निदान कोणतंही असो, डॉ. प्रभाकरांनी केलं ते हेच: डोळ्यातली सैल पडलेली यंत्रणा बाहेरून, काच बदलून बदलून चालती केली. सिनेमाच्या इतिहासात या डॉक्टरांना एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्यांचं नाव श्रेयनामावलीत हवं.

दृष्टी परत आली तेव्हा दुसरा कोणी सावध झाला असता. फाळक्यांनी 12 हजारांच्या विमा पॉलिस्या गहाण टाकल्या आणि छायाचित्रणाचं साहित्य विकणारे यशवंत नाडकर्णी यांच्याकडून 10 हजार रुपये उभे केले. मित्रांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढताना ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर काही क्षणांत अंकुर फुटून वेल चढताना दिसला. डोळ्याला जे कधीच दिसत नाही ते यंत्र दाखवू शकतं, याचा हा साधा, घरगुती पुरावा होता. विज्ञानाच्या वर्गात आजही तो दाखवावा असा.

1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्यांनी आधी या फंदात न पडण्याचा सल्ला दिला, मग माणसाची जिद्द पाहून मदत केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं. 50 पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं यंत्र घेतलं, कच्ची फिल्म मागवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला परतले.

तो कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, बाजूला हाताने फिरवायचा दांडा. लेन्सच्या काचेवर लेप नाही. फिल्म निळ्या प्रकाशाला चटकन जागी होणारी, लाल रंग मात्र तिला जवळपास काळाच. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याचं नेमकं उलट असतं. पिवळं पडलेलं भिंग निळा रंग खातं. आजचे दिग्दर्शक ज्या जुन्या चित्राच्या मागे लागतात, ते चित्र फाळक्यांना हौसेखातर मिळालेलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरी काचच नव्हती. तिच्या उणिवा भरून काढायला होता तो फक्त नेमकेपणा. दांडा एका लयीत फिरवावा लागे. हात अडखळला की पडद्यावरचा माणूस धावू लागे किंवा रेंगाळे.

दादरच्या घराचाच स्टुडिओ झाला. दिवे नव्हते, म्हणून सगळं चित्रण उन्हात. सरस्वतीबाई भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवत. रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत, आणि मधल्या वेळात कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करत. स्त्रीपात्र करायला बाई मिळाली नाही, तेव्हा एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. कॅमेरा चालवायला त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी स्वतः शिकवलं. सहा महिने 27 दिवसांत सुमारे 3,700 फुटांचा चित्रपट तयार झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला.

पडद्यावर देव प्रकट होतो आणि अदृश्य होतो, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यामागे प्रोफेसर केळफाची जादू होतीच, पण तिचा पाया यांत्रिक होता. कॅमेरा थांबवायचा, नट बाजूला करायचा, पुन्हा दांडा फिरवायचा. किंवा फिल्म उलटी गुंडाळून त्याच चौकटींवर दुसरं चित्र घ्यायचं. त्यासाठी तिकाटणं रेसभरही हलता कामा नये आणि दांड्याचे फेरे मोजलेले हवेत. पुढे फाळके नाशिकला गेले. 1917 च्या लंकादहनात साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही केले. 1919 च्या कालियामर्दनात मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपट कसा तयार होतो, यावरही त्यांनी एक लघुपट काढला.

नंतरचं आयुष्य मात्र उताराचं. भागीदारांची कंपनी आली, पुन्हा मतभेद झाले, ते काही काळ काशीला निघून गेले, परत आले. 1931 मध्ये बोलपट आला आणि मूकपटाच्या कारागिराची गरज संपली. 1937 चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं. चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने सुरू झाला तो 1969 मध्ये.

या आयुष्याकडे डॉक्टरच्या खुर्चीतून पाहिलं की आदर वाटतो आणि थोडी भीतीही. ध्येयासाठी डोळे पणाला लावणं आपल्याला गोष्टीत आवडतं. ओपीडीत त्याच गोष्टीचा शेवट दर वेळी चांगला होत नाही. फाळक्यांना वेळेवर डॉक्टर भेटले. आमच्याकडे कित्येक जण फार उशिरा येतात. संपादनाच्या खोलीत रात्रपाळी करणारी मुलं, मधुमेह असूनही कधी पडदा न तपासलेले लाइटमन, मेडिकलच्या दुकानातून लाल डोळ्यासाठी स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारे स्पॉटबॉय. या थेंबांनी डोळा आधी पांढराशुभ्र होतो आणि आत गुपचूप काचबिंदू वाढतो. मोतीबिंदूने गेलेली नजर परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. चाळिशीनंतर डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या, नुसता चष्म्याचा नंबर काढू नका. मधुमेह असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्या, दिसत नीट असलं तरी. पडद्यासमोरचं काम असेल तर दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर नजर टाका आणि पापण्या मिटायला विसरू नका. डोळा लाल, दुखरा आणि धूसर झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. त्यासाठी मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची नसते, काम अडायला लागलं की तीच वेळ.

आमच्या फोकस पुलरचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर झालं. टेबलावर जाण्याआधी त्यांनी एकच गोष्ट विचारली: आत बसवणार ती लेन्स किती फुटांवर लावणार? इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणत्याही रुग्णाने विचारला नव्हता. साधं कृत्रिम भिंग एकाच अंतरावर स्थिर असतं. फिरवायला कडी नाही. आम्ही ते दूरवर लावलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यांना वॉर्डाची भिंत निळसर दिसली. ती पहिल्यापासून निळसरच होती.

दुसरा डोळाही झाला. आता त्यांच्या बॅगेत दोन चष्मे असतात. एक लेन्सवरचे आकडे वाचायला, दुसरा हातभर अंतरावरच्या मॉनिटरला. दूरचं बिनचष्म्याने दिसतं. चष्मे सांभाळायचा कंटाळा येतो अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा मी त्यांना फाळक्यांचे तीन-चार चष्मे सांगितले. रोज त्यांच्या नावाच्या फाटकातून जाऊनही त्यांना ते माहीत नव्हतं. पुढच्या मंगळवारी ते सेटवरच्या दोघांना घेऊन ओपीडीत आले. त्यातल्या एका लाइटमनची साखर वाढलेली निघाली आणि डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाच्या पहिल्या खुणा दिसल्या. त्याला स्वतःला अजून काहीच त्रास जाणवत नव्हता. अगदी वेळेवर आला.